अठरा टक्के पावसाचा हिशेब

ढगातला एक जलकण साधारण २० मायक्रॉनचा असतो, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. जमिनीवर पडणारा बऱ्यापैकी टपोरा थेंब २ मिलिमीटरचा. व्यासात फरक शंभर पटींचा, म्हणून आकारमानात दहा लाख पटींचा. तळहातावर पडलेल्या एका थेंबात दहा लाख जलकण एकवटलेले असतात. ते एकवटलेच नाहीत तर? सुटा जलकण सेकंदाला एक-सव्वा सेंटिमीटर इतक्या संथपणे खाली येतो. एक किलोमीटर उतरायला त्याला जवळपास अख्खा दिवस लागेल, आणि त्याच्या कितीतरी आधी तो वाटेतल्या कोरड्या हवेत विरून जाईल. आभाळ भरून येते, शेतकरी दिवसभर वर बघत राहतो आणि संध्याकाळी ढग न बरसताच पुढे सरकतात, त्यामागचे गणित हे आहे.

कृत्रिम पाऊस पाडणारे विमान याच गणितात हात घालते. ते पाणी घेऊन जात नाही. ढगात आधीच असलेले पाणी लवकर जुळून यावे म्हणून क्षारांचे किंवा सिल्व्हर आयोडाइडचे सूक्ष्म कण तेवढे सोडते. जागतिक हवामान संघटनेच्या माहितीनुसार पन्नासहून अधिक देशांत असे कार्यक्रम चालतात. त्यावर नैतिक वाद सुरू झाला की तो बहुतेक वेळा ‘माणसाने निसर्गात ढवळाढवळ करावी का’ या प्रश्नापाशी अडकतो. मला तो वाद अपुरा वाटतो. या उपायातली नीती-अनीती त्याच्या आकड्यांत दडलेली आहे. हे आकडे एकीकडे डोळे फिरवणारे आहेत, तर दुसरीकडे इतके चिमुकले की ते मोजताच येऊ नयेत. ज्याच्या हातात विमान आहे, त्याची जबाबदारी नेमकी या दोन टोकांच्या मधे उभी राहते.

एक ग्रॅम आणि दहा घन किलोमीटर

१९४६ च्या जुलैत न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी इथे, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट शेफर एका शीतपेटीत ढग तयार करून पाहत होते. पेटी हवी तेवढी गार होईना, म्हणून त्यांनी आत कोरडा बर्फ टाकला, आणि पेटीतल्या धुक्याचे पाहता पाहता हिमस्फटिक झाले. पाणी शून्य अंशाखाली गेले की लगेच गोठते असे नाही. शुद्ध, सूक्ष्म थेंब उणे ३८ अंशांपर्यंतही द्रवरूपात राहू शकतात. गोठायला त्यांना निमित्त लागते. १३ नोव्हेंबर १९४६ रोजी शेफर यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट ग्रेलॉकजवळ विमानातून खऱ्या ढगावर अवघा दोन-तीन किलो कोरडा बर्फ सोडला, आणि ढगाखाली हिमाच्या रेघा ओघळल्या. त्याच सुमारास त्यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांना सिल्व्हर आयोडाइड सापडले. त्याची स्फटिकरचना बर्फाच्या इतकी जवळची आहे की अतिशीत पाणी त्यावर सहज गोठू लागते.

आता प्रमाण बघा. नीट जाळलेल्या एका ग्रॅम सिल्व्हर आयोडाइडपासून उणे दहा अंशांच्या आसपास काम करणारी दहा लाख कोटी हिमकेंद्रे मिळू शकतात, म्हणजे एकावर तेरा शून्ये. दर लिटर हवेमागे एक हिमस्फटिक पुरेसा, हा या क्षेत्रातला जुना ढोबळ हिशेब. एका घन किलोमीटरमध्ये एक लाख कोटी लिटर हवा मावते. म्हणजे कागदावर तरी एक ग्रॅम पूड दहा घन किलोमीटर ढगाला पुरते. घनमीटरमागे अर्धा ग्रॅम पाणी धरले, तर तेवढ्या ढगात ५,००० टन पाणी असते.

प्रत्यक्षात कागदावरचे हे प्रमाण गाठता येत नाही, कारण कण नेमक्या जागी, नेमक्या वेळी पोचवणे हेच सगळ्यात अवघड काम. आपल्याकडच्या पावसाळी ढगांचा बराच भाग तर शून्य अंशाच्या वर असतो. तिथे सिल्व्हर आयोडाइडचा उपयोग नाही. त्यासाठी कॅल्शियम क्लोराइडसारखे ओलावा ओढून घेणारे क्षार वापरतात. पंखाच्या कडेला फ्लेअर म्हणजे या मिश्रणाची नळकांडी बसवलेली असतात. वैमानिक नुकत्या वाढू लागलेल्या ढगाच्या बुडाशी येतो आणि हवेचा वर जाणारा झोत शोधतो. विमान वर उचलले जाऊ लागले की झोत सापडला असे समजायचे. मग नळकांडे पेटवायचे. ते काही मिनिटे जळते, धुराबरोबर क्षारकण ढगात ओढले जातात, त्यांच्याभोवती मोठे जलकण तयार होतात आणि ते इतरांना टिपत टिपत थेंब बनतात. झोत सापडला नाही किंवा ढगाचे वय उलटून गेले असेल, तर सगळी खटपट वाया.

सोलापूरचे २७६ ढग

या विषयातले भारतातले सगळ्यात मोलाचे काम महाराष्ट्रात झाले. १९५१ मध्ये टाटांच्या कंपनीने पश्चिम घाटात जमिनीवरून सिल्व्हर आयोडाइड सोडून पाहिले होते. पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात अकरा हंगाम बारामती परिसरात मिठाचे प्रयोग केले आणि सरासरी २४ टक्के वाढ नोंदवली. याच संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात ‘कायपिक्स’ प्रयोगाचा चौथा टप्पा राबवला.

त्यात २७६ ढग निवडले गेले. बीजन, म्हणजे कण सोडण्याचे काम, कोणत्या ढगात करायचे आणि कोणता ढग तसाच सोडायचा, हे शास्त्रज्ञांच्या मर्जीवर नव्हे, तर यादृच्छिक पद्धतीने, चिठ्ठी निघेल तसे ठरत होते. २०१८ चे साल कसे होते ते आठवा. त्या ऑक्टोबरात राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सोलापूर पर्जन्यछायेतले, घाटाच्या पाठीशी पडलेले. अशा ठिकाणी, अशा वर्षी, बरसू शकेल असा ढग समोर असताना विमानाने त्याला हात न लावता परत फिरायचे. ऐकायला हे निष्ठुर वाटते. पण हे केले म्हणूनच आपल्या हाती एक खरा आकडा आला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वाऱ्याच्या पुढच्या बाजूच्या सुमारे १०० चौरस किलोमीटर पट्ट्यात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढला. काही ठिकाणी वाढ ४६ टक्क्यांच्या घरात होती. दोन हंगामांत मिळून ८६.७ कोटी लिटर पाणी मिळाले, आणि त्याचा खर्च लिटरमागे १८ पैसे पडला.

१८ टक्के म्हणजे किती? ज्या ढगातून १० मिलिमीटर पाऊस पडायचा, तिथे ११.८ मिलिमीटर पडला. आता निसर्ग स्वतः किती हेलकावे घेतो ते पाहा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर घाट उतरून वाईला यावे तो एक हजारच्याही खाली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४.२ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच दिवशी कुलाब्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. एका शिवारात धो धो आणि बांधापलीकडे कोरडे, हे तर दर वर्षीचेच. इतक्या गदारोळात एका ढगातले १.८ मिलिमीटर ओळखणे केवळ अशक्य. शेकडो ढगांची सरासरी काढली तरच ते दिसतात.

म्हणून एखाद्या गावात विमान येऊन गेल्यावर पाऊस पडला, तर तो विमानामुळे पडला असे कुणीही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. विमानामुळे पडला नाही, असेही सांगू शकत नाही. या उपायाच्या नीतीचा गाभा मला इथे दिसतो. श्रेय आणि दोष, दोन्ही सिद्ध होत नाहीत. सत्ता आणि कंत्राट ज्यांच्याकडे आहे, त्यांना सरीचे श्रेय घेता येते आणि पुराची जबाबदारी झटकता येते.

८६.७ कोटी लिटर म्हणजे किती?

हा आकडा वाचताना छाती दडपते. तो इतर आकड्यांशेजारी ठेवून पाहू. १० हजार लिटरचे टँकर धरले, तर ते ८६,७०० टँकर. पण एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. त्या मापाने हे पाणी ०.०३ टीएमसी भरते. सोलापूरचे उजनी धरण ११७ टीएमसीचे. दोन हंगामांच्या बीजनाचे सगळे पाणी गोळा केले, तरी उजनी भरायला तसे ३,८०० वेळा करावे लागेल. सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्र १४,८९५ चौरस किलोमीटर. त्यावर हे पाणी सारखे पसरले तर माणसाच्या केसाच्या जाडीएवढा थर होईल. जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ४३ लाख. माणशी दिवसाला ५५ लिटर धरले तर साडेतीन दिवसांची गरज भागेल. तीही हे पाणी रानात न मुरता थेट हंड्यात पडले तर.

आता उसाकडे वळू. महाराष्ट्रात उसाला पूर्ण हंगामात २,००० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी दोन ते अडीच कोटी लिटर. दोन वर्षांच्या उड्डाणांचे पाणी ३५ ते ४३ हेक्टर उसाला पुरेल, म्हणजे अंदाजे शंभर एकर. देशातल्या नावाजलेल्या शास्त्रज्ञांनी आभाळातून जिद्दीने काढलेले पाणी आणि एका गावच्या शिवारातला काही बागायतदारांचा ऊस, हे दोन्ही एकाच मापाचे आहेत. राज्यातल्या लागवडीखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्रावरचे हे पीक सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी घेते, हे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेच दाखवून दिले आहे. त्याला हात न लावता ढगाकडे बोट दाखवणे, हा दुष्काळग्रस्त माणसावर अन्याय आहे.

खर्चही असाच मांडता येतो. १८ पैशांनी ८६.७ कोटी लिटरचे साडेपंधरा कोटी रुपये होतात. तीस बाय तीस मीटरचे, तीन मीटर खोल शेततळे साधारण २० लाख लिटर पाणी धरते. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत त्याला कमाल ५० हजार रुपये अनुदान होते. ८६.७ कोटी लिटर साठवायला अशी ४३५ तळी लागतील आणि त्यांचे अनुदान सव्वादोन कोटींच्या आत बसेल. तळे पाणी तयार करत नाही, आणि शेतकऱ्याच्या खिशातूनही पैसे जातात, हे खरे. स्वदेशी विमाने वापरली तर बीजनाचा खर्च निम्म्याहून कमी होईल, असेही संस्थेने म्हटले आहे. पण तळे पुढच्या वर्षीही असते, आणि त्यात पाणी आहे की नाही हे कुणालाही डोळ्यांनी पाहता येते.

तरी लिटरच्या हिशेबावर सगळे तोलू नये, असे मलाही वाटते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी हस्ताच्या पावसावर पेरली जाते. जमिनीत ओल असेल तर पीक थंडीवर निघते, नसेल तर पेरणीच होत नाही. त्या वेळी पडलेल्या पाच मिलिमीटरमुळे एकरी २० हजार लिटर पाणी मिळते, आणि त्याची किंमत टँकरच्या भावाने होत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला ही संधी मिळावी, हीच कृत्रिम पावसाच्या बाजूची सगळ्यात भक्कम नैतिक बाब आहे. पण हेच विमान ढग नसलेल्या वर्षी निरुपयोगी असते. २८ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीचे प्रदूषण धुवायला आयआयटी कानपूरने उड्डाणे केली. त्या दिवशी ढगांत ओलावा अवघा १० ते १५ टक्के होता, आणि दिल्लीत पाऊस पडला नाही. खरा दुष्काळ म्हणजे ढगांचाच दुष्काळ. ज्या वर्षी लोक सगळ्यात अगतिक असतात, त्या वर्षी हा उपाय सगळ्यात दुबळा असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पुरात बुडालेली असताना मराठवाड्यावर कृत्रिम पावसासाठी विमान उडवण्यात आले. त्या वर्षी त्यासाठी ३० कोटी रुपये मंजूर झाले होते. अगतिक माणसाला आशा विकताना तिची खरी ताकद सांगणे, ही सरकारची किमान जबाबदारी आहे.

ढग पळवले जातात का?

आमच्या वाट्याचा पाऊस शेजाऱ्याने पळवला, ही भीती जगभर आढळते. २०१८ मध्ये इराणच्या एका सेनाधिकाऱ्याने इस्रायलवर ढगचोरीचा आरोप केला, आणि इराणच्याच हवामान विभागाच्या प्रमुखांनी तो अशक्य म्हणून फेटाळला. आकडे या प्रमुखांच्या बाजूने आहेत. पृथ्वीच्या वातावरणात कोणत्याही क्षणी सुमारे १३ हजार घन किलोमीटर पाणी असते, म्हणजे साडेचार लाख टीएमसीहून जास्त. ते सगळे दर नऊ-दहा दिवसांनी पडते आणि पुन्हा भरते. ऐन पावसाळ्यात ४५ मिलिमीटर बाष्प धरले, तर सोलापूरच्या त्या १०० चौरस किलोमीटरवर एका वेळी ४५० कोटी लिटर पाणी तरंगत असते. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात ते वीस मिनिटांत बदलते. दोन हंगामांत मिळालेले पाणी हे तिथल्या एका क्षणाच्या साठ्याच्या पाचव्या हिश्श्याहून कमी आहे. त्यामुळे कलबुर्गीचा पाऊस सोलापूरने लुटला, असे म्हणता येत नाही.

पण चीनचा पल्ला पाहा. २०२५ पर्यंत ५५ लाख चौरस किलोमीटरवर कृत्रिम पाऊस आणि हिमवृष्टी करण्याची क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट चीनने २०२० मध्ये जाहीर केले. भारताचे सगळे क्षेत्रफळ ३३ लाख चौरस किलोमीटरही नाही. १०० चौरस किलोमीटरचा निष्कर्ष ५५ हजार पट मोठ्या क्षेत्राला लावता येत नाही. ‘नुकसान होत नाही’ हे लहान प्रयोगाबद्दल खरे असले, तरी त्याच्या आधारे मोठ्या प्रयोगाला मोकळीक मिळू नये. सिल्व्हर आयोडाइडचेही तसेच. बीजन केलेल्या पावसात चांदी लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमच्या आसपास आढळते, आणि पिण्याच्या पाण्यासाठी अमेरिकेने पूर्वी ठरवलेली मर्यादा ५० मायक्रोग्रॅम होती. म्हणजे पाचशे पट फरक. आज भीतीचे कारण नाही, पण त्याच मातीवर वर्षानुवर्षे बीजन करणार असाल तर माती तपासत राहिले पाहिजे.

दहा हजार की पस्तीस लाख?

बीजनाचे शास्त्र येण्याच्या तीस वर्षे आधी, १९१५ च्या डिसेंबरात सॅन दिएगो शहराने चार्ल्स हॅटफिल्ड नावाच्या ‘पाऊस पाडणाऱ्या’ला मोरेना जलाशय भरण्यासाठी १० हजार डॉलर कबूल केले. जानेवारी १९१६ मध्ये इतका पाऊस कोसळला की लोअर ओटाय धरण फुटले आणि माणसे वाहून गेली. हॅटफिल्ड पैसे मागायला गेला. शहराने अट घातली की पैसे हवे असतील तर सुमारे ३५ लाख डॉलरच्या नुकसानभरपाईची जबाबदारीही घ्यावी लागेल. प्रकरण वर्षानुवर्षे कोर्टात चालले, आणि अखेर पाऊस ही देवाची करणी ठरली. त्याला छदाम मिळाला नाही, आणि पूरग्रस्तांच्या हाती कुणी दोषीही लागला नाही.

ही गोष्ट त्यानंतर पुनःपुन्हा घडली. १९४७ मध्ये अमेरिकेने अटलांटिकमधल्या एका चक्रीवादळात सुमारे ८० किलो कोरडा बर्फ टाकला. वादळ वळले आणि सव्हाना शहरावर आदळले. ते वळण आधीच सुरू झाले होते, हे पुढच्या अभ्यासात दिसले, पण लोकांचा राग टिकला. ९ जून १९७२ ला साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीजवळ काही ठिकाणी सहा तासांत ३८० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडला, पुरात २३८ माणसे गेली. त्याच दिवशी त्या परिसरात बीजनाचा प्रयोग झाला होता. प्रयोगामुळे पूर आला, असे सिद्ध झाले नाही. पण असे आभाळ समोर असताना विमान उडवावे का, हा प्रश्न उरलाच. १६ एप्रिल २०२४ ला संयुक्त अरब अमिरातीत अल ऐन भागात २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला, १९४९ पासूनच्या नोंदींतला उच्चांक. दुबईत राहणाऱ्या आपल्या माणसांच्या घरांपर्यंत पाणी गेले, आणि मराठी व्हॉट्सॲप गटांतही ‘कृत्रिम पावसाने घात केला’ असे संदेश फिरले. ते वादळ शेजारच्या ओमानलाही झोडपून गेले होते आणि त्याचा अंदाज काही दिवस आधीच आला होता. जुलै २०२५ मध्ये टेक्सासच्या पुरात १३० हून अधिक बळी गेले. तिथेही दोन दिवस आधी, दीडशे किलोमीटरहून दूर, एका कंपनीने दोन ढगांत सुमारे ७० ग्रॅम सिल्व्हर आयोडाइड सोडले होते. ७० ग्रॅममुळे असा पूर येत नाही. पण लोकांना हे पटवायचे असेल तर आधीपासून सगळे उघड असावे लागते.

आणि लोकांचा अविश्वास अगदीच निराधार नाही. २० मार्च १९६७ ते ५ जुलै १९७२ या काळात अमेरिकेच्या हवाई दलाने आग्नेय आशियात हो ची मिन्ह वाटेवर चिखल करण्यासाठी २,६०२ उड्डाणे केली आणि ४७,४०९ बीजनळकांडी सोडली. ही मोहीम संसदेपासूनही दडवली होती. त्या रानांतल्या गावकऱ्यांना कुणी विचारले नाही, आणि त्यांच्या शेतांचे काय झाले याचा हिशेबही नाही. त्यानंतर वातावरणाचा शस्त्र म्हणून वापर रोखणारा करार झाला, तो १९७८ पासून लागू आहे आणि भारत त्यात सहभागी आहे. पण तो युद्धासाठी आहे. आपल्याच नागरिकांच्या डोक्यावर शांततेत केलेल्या बीजनाबद्दल तो काही सांगत नाही.

कुणाचे ढग, कुणाची वही

अमेरिकन न्यायालयांची दोन उत्तरे परस्परविरुद्ध आहेत. १९५० मध्ये न्यूयॉर्क शहराने दुष्काळात बीजन सुरू केले, तेव्हा पर्यटकांचा धंदा बुडेल म्हणून एक हॉटेलमालक कोर्टात गेला. एक कोटी लोकांच्या पिण्याच्या पाण्यापुढे हे नुकसान गौण आहे आणि ढगांवर कुणाचीही मालकी नाही, असे कोर्टाने ठरवले. त्याच दशकाच्या शेवटी टेक्सासमध्ये गारपीट टाळण्यासाठी शेतकऱ्यांनी विमाने लावली. पाऊसही जातो म्हणून पशुपालक कोर्टात गेले. तिथे कोर्टाने विमाने थांबवली. आपल्या जमिनीवर निसर्गतः पडणाऱ्या पावसावर जमीनधारकाचा हक्क आहे, असे मानले. महाराष्ट्रात या दोन्ही बाजू एकाच शिवारात भेटतील: द्राक्षवाल्याला ऑक्टोबरात पाऊस नको, शेजारच्या ज्वारीवाल्याला तोच हवा. या दोघांना विचारणारी रीतसर यंत्रणा आपल्याकडे नाही.

ती उभारायला फार काही लागत नाही. प्रत्येक उड्डाणाची वेळ, जागा, ढगाची स्थिती, सोडलेल्या पदार्थाचे वजन त्याच दिवशी जाहीर व्हावे. अतिवृष्टीचा इशारा असेल तेव्हा विमान उडू नये, हा नियम लेखी असावा. वाऱ्याच्या पुढच्या तालुक्यांना, राज्याची हद्द ओलांडून असले तरी, आधी कळवावे. परिणामाची मोजणी कंत्राटदाराने करू नये. इस्रायलने हे मनावर घेतले. सुरुवातीच्या प्रयोगांत १५ टक्के वाढ दिसल्यामुळे तिथे दशकानुदशके बीजन चालू होते. २०१३ ते २०२० या काळात काटेकोर प्रयोग केला, तेव्हा वाढ फक्त १.८ टक्के निघाली, तीही योगायोगापासून वेगळी काढता येईना. त्यांनी कार्यक्रम थांबवला. आपला आकडा आपल्याच विरोधात गेला तरी तो मान्य करायचा, यापेक्षा मोठी सचोटी या क्षेत्रात दुसरी नाही.

यापुढे कोणतेही सरकार अमुक इतके ढग बीजले, तमुक इतका पाऊस पाडला असे सांगायला आले, तर जिल्हा परिषदेपासून विधानसभेपर्यंत प्रत्येकाने एकच प्रश्न विचारावा: हात न लावता सोडून दिलेले ढग किती, आणि त्यांतून किती पाऊस पडला? त्याचे उत्तर तयार असेल तर ते विज्ञान आहे, आणि त्यावर जनतेचा पैसा खर्च करण्याचा विचार करता येईल. उत्तर नसेल तर तो पैसा शेततळी, विहिरींचे पुनर्भरण आणि उसाला ठिबक यांवर लावावा. तिथे प्रत्येक लिटर मोजता येतो, आणि तो कुणाच्या शेतात गेला तेही विचारता येते.